पैसे भरणारा वर, मराठी खाली : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून एक मजकूर वरचेवर फिरतो. त्याचा आशय असा : आपण शब्द टाकताच गुगल त्या क्षणी सारे इंटरनेट धुंडाळते, तो शब्द ज्या पानांवर जास्त वेळा आला असेल ती पाने उचलते, त्यांतल्या पैसे भरणाऱ्यांना वर बसवते, आणि मराठीत पैसे भरणारे कमी, म्हणून मराठी मजकूर सापडत नाही. यातली शेवटची तक्रार खरी आहे, पण तिचे कारण चुकीचे सांगितले आहे.

पहिला मुद्दा थोडक्यात आटोपतो. शोधाच्या क्षणी कोणीही इंटरनेट धुंडाळत नाही. क्रॉलर नावाचे प्रोग्राम आधीच एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचून ठेवतात आणि त्यांतून, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कोणता शब्द कोणत्या पानांवर आहे याची सूची तयार होते. आपला शोध या सूचीत होतो, म्हणूनच उत्तर क्षणार्धात येते आणि म्हणूनच ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही ते वर्षानुवर्षे अदृश्य राहू शकते.

शब्द जितक्या वेळा तितके पान वर, हे फार जुन्या शोधयंत्रांबाबत काही अंशी खरे होते आणि त्याचा फायदा घेण्यासाठी लोक पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तेच शब्द शेकडो वेळा लिहीत. परंतु निव्वळ मोजणी पुरत नाही, हे वेब जन्मण्याच्या कितीतरी आधी कळले होते. केंब्रिजच्या संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्येच दाखवले की जो शब्द थोड्याच कागदपत्रांत आढळतो त्याला अधिक वजन द्यावे. ‘पानिपत युद्ध कारणे’ या शोधात ‘पानिपत’ जे सांगतो ते ‘कारणे’ सांगत नाही. पुढे 1998 मध्ये स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या गुगलच्या संस्थापकांनी एका निबंधात दुव्यांचा हिशेब मांडला : एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा ही शिफारस मानायची आणि शिफारस करणाऱ्या पानाची स्वतःची पत जितकी मोठी तितकी ती शिफारस वजनदार धरायची. मग दुव्यांचाच बाजार भरला, तेव्हा 2012 मध्ये गुगलने अशा बनावट शिफारशींविरुद्ध ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला. पानाच्या कोडमध्ये दडवलेल्या कीवर्डच्या यादीकडे तर आपण क्रमवारीसाठी पाहतच नाही, असे गुगलने 2009 मध्ये जाहीर केले होते. ती यादी भरून देण्याचे पैसे आजही कोणी मागत असेल, तर देऊ नयेत.

पैशांचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण त्यामागे खरा इतिहास आहे. अमेरिकेत 1998 मध्ये गोटू डॉट कॉम या यंत्राने निकालातली जागा उघडपणे लिलावात काढली होती आणि कोणी किती बोली लावली हेही तिथे दिसत असे. विकत घेतलेले निकाल स्पष्टपणे वेगळे दाखवा, असे ग्राहकांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला 2002 मध्ये शोधयंत्रांना सांगावे लागले. आज ‘प्रायोजित’ अशी चिठ्ठी लावलेले निकाल हा तो लिलावच आहे, आणि ती चिठ्ठी वाचकाच्या नजरेतून सहज निसटते, हा आक्षेप रास्त आहे. त्याखालच्या निकालांचा क्रम मात्र जाहिरातीचे पैसे भरून बदलत नाही. तरीही हे यंत्र निःपक्षपाती आहे असे मी म्हणणार नाही : आपल्याच खरेदी-सेवेला निकालांत झुकते माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने 2017 मध्ये गुगलला 242 कोटी युरोंचा दंड केला आणि 2024 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम ठेवला. ब्रिन आणि पेज यांनी तर 1998 च्या त्याच निबंधात बजावले होते की जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच. पण असे झुकणे वेगळे आणि ज्याने त्याने पैसे मोजून आपले पान वर नेणे वेगळे. फिरत्या मजकुरात या दोहोंची गल्लत आहे.

आता मराठी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या फाँटांत लिहिली जात. पडद्यावर देवनागरी दिसे, पण यंत्राच्या हाती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ येई. युनिकोडनंतरही ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो, एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून आणि एकदा ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून, यंत्राने ती रूपे एक मानली नाहीत, तर डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द सूचीत वेगवेगळे पडतात. शिवाय ‘पाऊस’चे ‘पावसाने’ होते, म्हणजे सामान्यरूपात ‘ऊ’चा ‘व’ आणि ‘स’चा ‘सा’ होतो, आणि ही दोन्ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे यंत्राला शिकवावे लागते. जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने तर, अक्षरओळख केलेली नसल्यास, यंत्राच्या लेखी निव्वळ छायाचित्रे असतात. त्यात एकमेकांच्या लेखनाला दुवे देण्याची सवय आपल्याकडे कमी, आणि कितीतरी चांगले मराठी लेखन आज ज्या बंद गटांत हा मजकूर फिरतो तिथेच लिहिले जाते, जिथे कोणताही क्रॉलर पोहोचत नाही.