इशारा पातळी

सांगलीच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी दोन आकडे तो बिनचूक सांगेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. मधल्या पाच फुटांत माणूस धान्याचे डबे माळ्यावर चढवतो, गाडी उंचावरच्या पाहुण्यांच्या दारात नेऊन लावतो आणि ‘यंदा एवढं काय येत नाही’ म्हणत कपभर चहाही घेतो. गेल्या मे महिन्यात आमच्या घरी जो जीव आला, त्याच्या इशारा पातळीत आणि धोका पातळीत अंतर होतं चार सेकंदांचं.

आम्ही विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. २०१९ साली पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हाही आमची फरशी ठणठणीत कोरडी होती. ती ओली करायला दोन महिन्यांचं डॅशहाउंडचं पिल्लू पुरलं.

पिल्लू आलं तासगावकडच्या एका द्राक्षबागेतून. लांबट, तपकिरी, कातडीला सुरकुत्या. चिरंजीवांनी जागेवरच नाव ठेवलं, बेदाणा. लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी नाव विचारलं, लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि म्हणाले, “नाव ठेवलंत ते ठेवलंत, पण खायला कधी घालू नका. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विषारी. किडन्या जातात.” जिथं पाहुण्यापुढे आधी बेदाण्याची वाटी सरकते, त्या जिल्ह्यात जन्माला येऊन बिचाऱ्याच्या नशिबी फक्त नाव आलं.

डॉक्टरांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचा होईतोवर, याला रस्त्यावर टेकवायचं नाही. पार्व्हो नावाचा रोग असतो, पिल्लं दगावतात.

“मग तोवर?”

“तोवर पेपर अंथरा.”

अंगण आम्हाला नाही. बाल्कनी आहे. तिच्यात वॉशिंग मशीन, आईची तुळस आणि चिरंजीवांची पंक्चर सायकल गेल्यावर एक माणूस तिरका उभा राहू शकतो. तिथं मी पेपर अंथरले. पण प्रश्न लांबीचा निघाला. मिरज जंक्शनला लांब गाडी आली की इंजिन फलाटावर आणि शेवटचे डबे बाहेर खडीवर, तसं याचं. पुढचे दोन पाय पेपरला लागले की याच्या मते गाडी स्टेशनात आली. काम मागच्या डब्याकडे आहे हे त्याच्या गावीच नाही.

आई पोतेरं घेऊन मागे मागे. “नाव बेदाण्याचं,” ती म्हणाली, “आणि उत्पन्न हळदीचं.”

अशा वेळी अण्णा मैदानात उतरले. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतरही पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग किती सोडला हे कळल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. त्यांनी एक दोनशे पानी वही काढली, पट्टीनं रकाने आखले आणि बेदाण्याचं नियोजन हातात घेतलं. वही अजून आहे घरात. त्यातली ही एक ओळ:

‘सकाळी ६.१०, आवक: पाणी अर्धी वाटी. ६.२५, विसर्ग. स्थळ: दिवाणाचा नैर्ऋत्य पाय. शेरा: पूर्वसूचना नाही.’

आम्ही हसलो. पण चार दिवसांत वहीनं जे दाखवलं ते आमच्यापैकी कुणाला दिसलं नव्हतं. झोपेतून उठला की लगेच. खाल्लं की पंधरा-वीस मिनिटांत. आणि खेळ ऐन रंगात आला की मध्येच थांबून, जमीन हुंगत एक गोल चक्कर. तीच इशारा पातळी! ते चक्कर दिसलं की जो जवळ असेल त्यानं उचलायचं आणि पळायचं. बायको पोळ्या लाटता लाटता एका हातात बेदाणा आणि दुसऱ्या हातात लाटणं घेऊन बाल्कनीकडे धावलेली मी पाहिली आहे. लाटणं कशाला ते तिलाही सांगता आलं नाही.

पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला तर तितके तास ते फार तर धरून ठेवू शकतं, असा डॉक्टरांचा हिशेब. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू, तीन तास. अण्णांना हे लगेच पटलं. “छोटं धरण आहे रे. साठवण क्षमताच नाही. वेळेत दरवाजे उघडले नाहीत तर सांडव्यावरून जाणारच.” त्यामुळे रात्री एक आणि चारचा गजर. ‘कुत्र्याचं सगळं मी करीन’ अशी शपथ घेतलेले चिरंजीव आठपर्यंत घोरत असत. दरवाजे उघडायला खात्याचा माणूस म्हणून मी.

शेजारच्या काकांनी जुना उपाय सांगितला, “नाक घासा त्यात. आमच्या वाड्यात असंच शिकवायचे.” नाक मी घासलं नाही, पण एकदा पहाटे चारला जोरात ओरडलो. बेदाण्यानं त्यातून धडा घेतला, फक्त वेगळाच. फरशीवर करणं चूक नाही, माझ्यासमोर करणं चूक, असा त्यानं अर्थ काढला आणि पुढचा आठवडाभर सोफ्यामागे उरकलं. ते हुडकायला सोफा ओढावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, ओरडू नका. जागेवर केलं की त्याच क्षणी बक्षीस द्या, मिनिटभरानं दिलेलं त्याला कळत नाही. तेव्हापासून माझ्या सगळ्या शर्टांच्या खिशात पनीरचे तुकडे. ऑफिसात खिशातून पेन काढताना एक तुकडा साहेबांच्या फाइलवर पडला. त्यांनी तो पाहिला, मी पाहिला, आणि आम्ही दोघांनीही तो विषय तिथंच सोडला.

फिनाइलनं फक्त आपल्या नाकाची समजूत पटते, त्याच्या नाही, हेही उशिरा कळलं. जुना वास राहिला की तो पुन्हा तिथंच जातो. मग एन्झाइमचं द्रावण आणलं. तेवढ्या पैशात मला अत्तर आलं असतं.

जून संपेपर्यंत बेदाणा पेपरवर तरबेज झाला. फारच झाला. कारण अण्णांना पेपर जमिनीवर पसरून, त्यावर ओणवं होऊन वाचायची चाळीस वर्षांची सवय. जुलैत एका सकाळी पहिल्या पानावर कोयनेची बातमी होती. अण्णा चष्मा पुसत होते तेवढ्यात बेदाणा आला, चारही पाय पेपरवर घेतले, शेवटचा डबासुद्धा फलाटावर आणला आणि बातमीवर स्वतःचा विसर्ग सोडला. आम्ही श्वास रोखला. अण्णांनी वही ओढली आणि लिहिलं, ‘स्थळ: पान १. शेरा: उत्कृष्ट.’

लसी संपल्या आणि खरी परीक्षा आली, म्हणजे खाली नेणं. ५४ पायऱ्या. डॅशहाउंडचा कणा नाजूक असतो म्हणून त्याला जिन्यानं चालवायचं नाही. म्हणजे त्याला मी उचलायचं, आणि मला कुणी उचलायचं नाही. पहाटे साडेपाच, झिमझिम पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्यात साखळी. छत्री त्याच्यावर. लहान मुलांना करतात तसं मी विजेच्या खांबापाशी ओणवा होऊन “शूऽऽ, शूऽऽ” करत होतो. त्याच्यावर काही परिणाम होईना. मला मात्र दोनदा वर जाऊन यावं लागलं. दूधवाल्यानं गाडी हळू केली, बघितलं आणि पुन्हा वाढवली. चाळीस मिनिटं गेली. वर आलो, दार उघडलं, त्याला खाली ठेवलं आणि त्यानं पायपुसण्यावर निवांत सोडून दिलं. असं नऊ दिवस.

युक्ती शेवटी आईची. “अरे, त्याला वासाची खूण लागते ना? मग ती खूणच खाली ने.” दहाव्या दिवशी आदल्या रात्रीचा पेपर घडी घालून घेऊन गेलो आणि खांबाशी ठेवला. बेदाण्यानं हुंगलं. ते गोल चक्कर मारलं. बसला. आधी एक, मग दुसरंही! मी पनीर भरवलं, पिशवीत हात घालून उचललं, गाठ मारली. तेवढ्यात वर बाल्कनीत तुळशीशेजारी तिरके उभे राहून अण्णा ओरडले,

“झाली काऽऽ?”

“झालीऽऽ!” मी खालून. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. अख्ख्या गल्लीत घुमला.

तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी उघडली. “अगंबाई! मुलगी झाली? कुणाला रे?” आणि मी तोंड उघडायच्या आत, “नुसता ओरडतोयस काय! पेढे कुठायत?”

मी हातातली पिशवी पाठीमागे घेतली.