दुप्पट बियाणं टाकलं म्हणून खुरपणी सुटत नाही

जुन्नर, आंबेगाव, खेडच्या शेतकरी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सोयाबीन एकरी ६० किलो पेरा, तणाला जागाच उरणार नाही, खुरपणीचा खर्च वाचेल.' बियाणं आणायला निघण्याआधी कृपया हे वाचा.

यात अर्धंच खरं आहे. दाट पिकाची पानं लवकर एकमेकांना भिडतात, जमिनीवर सावली पडते आणि उशिरा उगवणारं तण दबतं. पण बहुतेक तण पिकासोबतच उगवतं. लव्हाळ्याच्या गाठी तर जमिनीत तयारच बसलेल्या असतात. सोयाबीनला तणाचा खरा फटका बसतो तो पहिल्या ३० ते ४५ दिवसांत, आणि त्यातला बराच काळ ओळींमधली माती उघडीच असते. तेव्हा कोळपं आणि खुरपं लागतंच.

शिफारस ४५ बाय ५ सेंटिमीटरची (दोन ओळींत ४५, दोन रोपांत ५), म्हणजे हेक्टरी साधारण ४.४ लाख रोपं; बियाणं एकरी २६ ते ३० किलो. त्याच्या दुप्पट टाकलं की रोपं आपसातच झगडतात, उजेडासाठी आणि ओलीसाठी. असं रान मी खेड तालुक्यात पाहिलंय: रोपं उंच, खोड काडीसारखं, शेंगा शेंड्याकडे चार, आणि एका जोराच्या पावसात सगळं लोळलेलं. खाली हात घातला तर केन्याचं तण हिरवंगार!

उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी निघाली तर त्या प्रमाणात बियाणं जरूर वाढवा. आणि नांग्या, म्हणजे ओळीत बी न उगवलेल्या जागा, वेळेत भरा, कारण तण आधी शिरतं ते त्या मोकळ्या जागांत.