दुकान सापडलं नाही म्हणे!

आज दुपारी पोस्टमननं खाकी पाकीट आणून दिलं. आत एकच कागद. "आपल्या तक्रार अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, नमूद पत्त्यावर सदर दुकान आढळून आले नाही. सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे." म्हणजे फाईल बंद. खाली गोल शिक्का, शिक्क्यावर सही, दोन्ही वाचता येत नाहीत.

आढळून आलं नाही! अरे त्याच दुकानातनं मी आज सकाळी आईच्या बीपीच्या गोळ्या आणल्या की बे! तेच शटर, तोच मालक, काउंटरवर तीच चॉकलेटची बरणी, जिच्यातनं तो सुट्ट्याच्या बदल्यात दोन चॉकलेटं हातावर टेकवतो, शुगर असलेल्या माणसाला पण टेकवतो. उलट दुकान डबल झालंय आता. शेजारचं झेरॉक्सवाल्याचं घेतलं, मशीनसकट घेतलं, काच लावली, एसी लावला, वर लाल अक्षरं पळणारा बोर्ड लावला. मे महिन्यात भर उन्हात बारा वाजता डोळे बारीक करून बघितलं तरी दिसतंय. यांना नाही दिसलं. कुठलं खातं ते सांगत नाही, सांगितलं तर ते म्हणतील हा विषय आमच्याकडं येतच नाही.

तक्रार ऑक्सिमीटरची होती. एप्रिल २०२१. आई कोरोना पॉझिटिव्ह, बेड कुठंच नाही, डॉक्टर फोनवर म्हणाले घरीच ठेवा, ऑक्सिजन बघत राहा, ९४ च्या खाली गेला तर लगेच कळवा. गेलो पळत. मालक म्हणाला शेवटचा पीस हाय, २६०० पडतील, नको असंल तर मागं माणूस उभा हाय. मागं खरंच माणूस उभा होता. घेतला.

रात्री आईच्या उशाशी बसल्या बसल्या नखानं खोक्यावरचं स्टिकर खरवडत होतो, दुसरा उद्योग काय. वर २९९९. त्याच्या खाली अजून एक स्टिकर, १४९९. त्याच्या खाली खोक्यावरच छापलेलं, ९९९. कांद्याची सालं काढल्यागत एकेक किंमत निघायली. आणि नियम असा आहे की स्टिकर लावायचंच तर किंमत कमी करायला लावता येतं, ते पण छापलेली किंमत न झाकता. इथं दोन मजले चढवलेले.

बरं, किंमत सोडा. आईला ९७ दाखवलं. बरं वाटलं. बायकोला ९७. मला ९७. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला, पोराची पेन्सिल घातली, ९७. ताटातला कडक भाकरीचा तुकडा घातला, ९७ आणि पल्स ७२! म्हणजे आमच्या घरात भाकरीची तब्येत सगळ्यात ठणठणीत. शेजारच्या काकांनी त्यांचं मशीन गॅलरीतनं दिलं, त्यात आईचं ८९ निघालं. पुढची रात्र मी इथं लिहीत नाही. आई सकाळच्या गोळ्या घेऊन आत्ता सिरियल बघायली, म्हणून हे भाकरीचं हसत सांगायलोय.

आणि म्हणायचं सरकारनं काय केलं नाही? लई केलं! मार्च २०२० मध्ये केंद्रानं मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात घातले, तीन पदरी मास्क १० रुपये, २०० मिलीची सॅनिटायझरची बाटली १०० रुपये. ऑक्टोबरात राज्यानं अजून खाली आणलं, तीन पदरी ४ रुपये, एन-९५ १९ ते ४९. ४ रुपयाचा तो मास्क ज्यानं दुकानात विकत घेतलाय त्यानं मला आणून दाखवावा, मी फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावतो. एचआरसीटी, म्हणजे छातीचा स्कॅन, मशीन बघून २००० ते ३०००. खासगी दवाखान्यात वॉर्डाचे दिवसाला ४०००, आयसीयूचे ७५००, व्हेंटिलेटर लागला तर ९०००. कागद एकदम फर्स्ट क्लास. पण पीपीई किट त्या दरात नाही, ते वेगळं, मग ॲडमिट असलेल्या मेव्हण्याच्या बिलात रोज चार किटं, आणि किट घातलेला माणूस त्याला दिवसातनं एकदा लांबनं दिसायचा, चंद्रावर उतरल्यागत. रेमडेसिविर इंजेक्शनच्या किमती कंपन्यांनी त्याच एप्रिलात उतरवल्या, सगळ्यात स्वस्त कुपी ८९९ ची झाली, आणि मेव्हण्यासाठी फोन फिरवला तर कोण तरी म्हणतंय २५ हजार, कॅश, पार्क चौकात या, एकटे या. किडनॅपिंग हाय का इंजेक्शन?

दर ठरवणार मंत्रालय, तोडणार दुकानदार, आणि पुरावा आणायचा मी!

कारण अर्ज द्यायला गेलो तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, पक्कं बिल आहे का? साहेब, बिल द्यायचं असतं तर २६०० घेतले असते का त्यानं? मी खोक्यावरच्या तिन्ही किमती दाखवल्या, पेन्सिलीचा व्हिडिओ दाखवला. साहेब व्हिडिओ बघून हसले, शिपायाला बोलावून त्याला पण दाखवला, मग म्हणाले, बिल जोडा.

असंच असतंय आपल्याकडं. थंड बाटलीवर कूलिंगचे दोन रुपये जास्त. चार दिवसांनी नळाला पाणी, म्हणून जार विकत घ्या, जारात काय ते उजनी धरणालाच माहिती. सोलापुरी चादरीला जीआय टॅग, म्हणजे ती इथलीच असल्याचा सरकारी शिक्का, आहे, तरी गाडीवर कुठली तरी बाहेरची चादर सोलापुरी म्हणून आपल्याला सोलापुरातच विकायलेत!

आता लोक सांगतात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लाव, ग्राहक आयोगात जा, ५ लाखापर्यंत फी पण नाही. माहितीय. तिथं पण पहिला कागद कुठला लागतो, बिल!

आता खरं सांगून टाकतो, नाही तर बायको सांगेल. त्या दिवशी मालकानं विचारलं होतं, बिल पाहिजे तर टॅक्स वेगळा पडंल. आणि मी म्हणालो, राहू द्या. मी! अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस, आठ रुपयाच्या चहाचं व्हाउचर नसलं तर ड्रायव्हरचे पैसे अडवणारा. शिवाय २०२० मध्ये सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन मीच उचलला होता, मागं रांग असताना. तो अजून बाथरूममध्ये आहे, त्यानं आम्ही स्विचबोर्ड पुसतो.

तरी अपील करायचंच म्हणून संध्याकाळी त्या पत्राची झेरॉक्स काढायला निघालो. जवळचं मशीन एकच. मालकानं पत्र काचेवर उलटं ठेवायच्या आधी सगळं वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मला वाटलं आता भांडण. तर म्हणाला, "काका, पाच रुपये."

दोन रुपयाच्या झेरॉक्सला पाच. दहाची नोट दिली. बिल मागितलं, तर नुसता हसला आणि बरणीत हात घातला.