एका पायाची कुस्ती: ‘जुना पैलवान’ यांना उत्तर

नमस्कार पैलवान,

जन्मतः एकच पाय असलेला अमेरिकी मल्ल अँथनी रॉबल्स याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की पाय नसल्यामुळे त्याला वजनाचा फुकट फायदा मिळाला, अशा पोराला कोल्हापूरच्या लाल मातीत उतरवणं म्हणजे त्याचे हाल, आणि त्यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात, तिकडं पाठवा. शिवाय त्याच्याशी लढणाऱ्याचं काय? जिंकला तर कौतुक नाही, हरला तर गावभर हसं.

वजनाचं निम्मं मान्य. एक पाय म्हणजे शरीराच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा. २०११ मध्ये रॉबल्स १२५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५७ किलोच्या गटात अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा विजेता झाला, त्या हंगामात ३६ पैकी ३६ कुस्त्या मारून. छाती-खांदे वरच्या गटातल्या मल्लाचे होते, हे खरंच. पण तालमीत वाढलेल्या माणसानं हिशेबाची दुसरी बाजू सोडावी? टांग मारायची तर उभं राहायला दुसरा पाय हवा. ढाक डावाला पाय रोवावे लागतात. एकुलता पाय पटात, म्हणजे पाय धरून पाडायच्या डावात, सापडला तर पुढं काय सावरणार? म्हणून तो गुडघा टेकून अगदी खाली बसायचा आणि मनगट धरून समोरच्याला आपल्या उंचीवर ओढायचा. ती पकड काही जन्मतः मिळालेली नव्हती.

आणि हा वजनाचा घोळ मुळात काट्याचा. आपल्या जत्रेत जोड लावताना काटा कोण आणतं? वस्ताद पोरांना उघडं उभं करतात, मान, दंड, छाती बघतात, आधीच्या कुस्त्या विचारतात. तसली छाती दिसली की जोडही तशीच भारी लागणार!

हालांबद्दल म्हणाल तर पायाच्या खुंटाची कातडी मातीत सोलते, ते जपावं लागतं. कृत्रिम पाय कुस्तीच्या हौदाबाहेर काढूनच उतरायचं. एवढं सांभाळलं की बाकीचा मार सगळ्यांना सारखाच.

वेगळ्या स्पर्धा कुठल्या? पॅरालिम्पिकमध्ये आज कुस्ती नाही. ज्युडो आहे, पण दृष्टिहीनांसाठी. तायक्वांदो टोकियोपासून आलं, आपली अरुणा तंवर तिथं गेली होती. पण तो खेळ हात अधू असलेल्यांचा. एका पायाच्या पोरानं कुस्ती खेळायची तर दोन पायांच्याशीच. कोपराच्या जरा खाली डावा हात संपलेला निक न्यूवेल असाच धडधाकटांशी लढून २०१२ मध्ये एक्सएफसी या अमेरिकेतल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्स स्पर्धेचा लाइटवेट विजेता झाला.

राहिलं हसं. माझ्या मते खरी अडचण हीच आहे. पोराची तयारी असते, वस्तादाचीही असते, पण समोरची तालीम जोडच घेत नाही. हा नकार माझ्यासारख्या लिहिणाऱ्यानं मोडत नाही; मैदानात तुमच्यासारख्याच्या शब्दाला मान असतो. तुमच्या पोराला उद्या अशी जोड आली, तर घ्याल का? खाली लिहा.