शेजाऱ्याचे म्हणणे बांधकामाआधी ऐका

महाराष्ट्रातील अनधिकृत बांधकामांवरची चर्चा इंग्लंडमध्ये राहून वाचताना एक गोष्ट सतत खटकते : ती नेहमी बांधकाम उभे राहिल्यावर सुरू होते आणि पाडायचे की शुल्क भरून नियमित करायचे, एवढ्याच दोन टोकांत फिरत राहते. गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या भूखंडांवरची अनधिकृत बांधकामे नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याची कक्षा २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवण्यात आली. उलट, डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की केवळ काळ लोटला किंवा पैसा खर्च झाला म्हणून अनधिकृत बांधकाम कायदेशीर ठरत नाही. या वादात मालक असतो, महापालिका असते, न्यायालय असते. ज्याच्या स्वयंपाकघरातला उजेड गेला तो शेजारी मात्र कुठेच नसतो.

आमच्या शेजारच्या जोडघराच्या मागे दुमजली वाढीव बांधकामाचा अर्ज दाखल झाला, तेव्हा स्थानिक कौन्सिलचे पत्र आमच्याकडे आले. सर्व नकाशे संकेतस्थळावर खुले होते आणि म्हणणे मांडायला २१ दिवस होते. अशा अर्जावर साधारण ८ आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. आम्ही दोन मुद्दे मांडले : स्वयंपाकघरातला प्रकाश कमी होईल आणि वरच्या मजल्यावरील बाजूच्या खिडकीतून आमचे अंगण थेट दिसेल. प्रकाशासाठी अनेक कौन्सिली शेजाऱ्याच्या खिडकीच्या मध्यापासून नकाशावर ४५ अंशांची रेषा काढून पाहतात. नवे बांधकाम त्या रेषेच्या आत राहत असल्याने आमचा पहिला मुद्दा फेटाळला गेला. दुसरा मान्य झाला आणि त्या खिडकीला खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटर उंचीपर्यंत न उघडणारी, अपारदर्शक काच बसवण्याची अट घालून परवानगी मिळाली. प्रकाशाबाबत माझे मत आजही बदललेले नाही, पण तो मुद्दा का फेटाळला याची लेखी कारणे मिळाली. आमची हरकत नावानिशी प्रसिद्ध झाली होती, तरी शेजाऱ्यांशी बोलणे तुटले नाही, कारण वाद भिंत उभी राहण्याआधी झाला आणि निवाडा तिसऱ्याने केला.

या व्यवस्थेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे हरकतीच्या कारणांना घातलेली मर्यादा. प्रकाश, खासगीपणा, बांधकामाचा आकार, वाहनतळ यांचा विचार होतो. आपल्या घराची किंमत घटेल, खिडकीतून दिसणारे दृश्य जाईल, हद्दीचा जुना वाद आहे किंवा अर्जदार माणूस चांगला नाही, या तक्रारी बाजूला ठेवल्या जातात. आपल्याकडे सोसायट्यांमध्ये कोण राहायला येणार, त्याची जात कोणती, तो काय खातो, यावरून अडवणूक होते. म्हणून शेजाऱ्याला अमर्याद हरकतीचा हक्क दिला, तर तो सूड उगवण्याचे किंवा पैसे उकळण्याचे साधन होईल, ही भीती मला खरी वाटते. तिच्यावर उपाय हक्क नाकारणे हा नसून कारणांची यादी कायद्यानेच बांधून देणे हा आहे.

इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे मात्र मी म्हणणार नाही. परवानगी नाकारली तर अर्जदाराला अपील करता येते. परवानगी दिली तर शेजाऱ्याला अपील नाही, उरते ती खर्चिक न्यायालयीन लढाई. हा अन्याय आहे.

महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, पण लगतच्या भूखंडावरील बांधकाम परवानगीबद्दल शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. नाशिकला आईच्या घराशेजारच्या बंगल्याने सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, एक खोली वाढवली, हे तिला स्लॅब पडताना कळले. मंजूर नकाशा पाहण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करावा लागला, आणि तोवर गल्लीतले लोक तिलाच समजावू लागले होते की आता झालेच आहे तर कशाला वैर घेता. तक्रार केली ती वैरीण ठरली. नियम मोडणाऱ्याचा फक्त खर्च झाला होता.

वाढीव बांधकामाच्या प्रत्येक अर्जाची सूचना लगतच्या भूखंडधारकांना द्यावी, नकाशा पाहू द्यावा, म्हणणे मांडायला ठरावीक मुदत द्यावी आणि त्यावर लेखी उत्तर द्यावे, एवढी माझी मागणी आहे. नकाशे आता ऑनलाइनच दाखल होत असल्याने हे काम फार अवघड नाही. जो अर्जच करत नाही त्याचे काय, असे विचारले जाईल. अर्ज झाला की सूचना येतेच, हे एकदा सर्वांना ठाऊक झाले, तर सूचना न येता शेजारी पाया खोदला जाताना दिसताच कोणीही त्याच दिवशी नगररचना विभागाकडे विचारणा करू शकेल, आणि तेव्हा पाडण्यासारखे फारसे काही उभे राहिलेले नसेल.