खुलासा : ‘टीका म्हणजेच निंदा’ हा तक्ता पुढे पाठवू नका

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक तक्ता फिरतोय : ‘टीका, निंदा, ताशेरे, कानउघाडणी, वाभाडे समानार्थी, परीक्षेत कुठलाही लिहा.’ हे चुकीचं आहे.

टीकेचा जुना अर्थच भाष्य, विवरण. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात तोच दिलाय, आणि ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो. तिथे निंदा कुठून आली? आज टीकेत दोष दाखवणं येतं, पण ती गुणदोष पाहूनही होते. निंदेत नालस्ती असते, बहुधा पाठीमागे केलेली.

बाकीच्या शब्दांत कोण कुणाला बोलतंय हे महत्त्वाचं. गड्ड्याच्या जत्रेत हात सोडून पळालेल्या पोराची आई कानउघाडणी करते. तो सुधारावा म्हणून. ती ताशेरे ओढत नाही. ताशेरे ओढतं न्यायालय, नाहीतर लेखापरीक्षणाचा अहवाल. वाभाडे मात्र चारचौघांतच निघतात.

शब्द जवळचे आहेत, हे खरं. पण वाक्यात अदलाबदल केली की अर्थ बिघडतो, आणि मुलं हेच पाठ करतायत याचं फार वाईट वाटतं. कृपया तक्ता पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.