मॉरिशसच्या बागांवरच्या पोस्टवर आलेल्या कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट वाचली. एवढा खर्च करून मॉरिशसला जायचं आणि तिथे फणस, लिची, जायफळ बघत फिरायचं का, हे सगळं आमच्या सावंतवाडीच्या वाडीत आहे, आणि क्युरपीपच्या बागेत तर काहीच नव्हतं, अर्धा दिवस फुकट गेला, असं तुमचं म्हणणं. राग समजू शकते, क्युरपीपचं तर चुकलंय माझंच, ते पुढे सांगते.

आधी पाम्पलमूसची बाग, जिथे तुम्ही फणस, लिची, जायफळ बघितलंत. तिथली बरीच झाडं बाहेरून आणलेली आहेत हे अगदी खरं, पण त्या जायफळावर तेव्हा डच लोकांचा कडक पहारा होता, रोप काय बी सुद्धा बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, आणि फ्रेंच अधिकारी पिएर पुआव्र याने १७७० मध्ये इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरून रोपं गुपचूप मागवली आणि मॉरिशसवर वाढवली. हे डोक्यात ठेवून त्या झाडाखाली उभं राहिलं की वेगळं वाटतं, मला तरी वाटलं.

आता क्युरपीप. मी पोस्टमध्ये "एक दुर्मिळ पाम आहे, बघा" एवढंच लिहून पुढे गेले, ते लिहिणं कमी पडलं, सॉरी. तो पाम दुर्मिळ नाहीये हो, तो एकटा आहे. हायोफोर्बे अमारिकॉलिस नाव, अख्ख्या जगात त्या जातीचं हे एकच झाड उरलंय, बाकी कुठल्याच जंगलात नाही. त्याला फुलं येतात पण नर फुलं आधी आणि मादी फुलं नंतर, आणि जोडीला दुसरं झाड नाही, त्यामुळे फळ धरणं फार अवघड. लॅबमध्ये बी रुजवायचे प्रयत्न झाले, रोप टिकलं नाही. दिसायला अगदी साधं, उंच बारीक खोड, त्यामुळे कोणी दाखवलं नाही तर माणूस शेजारून निघून जातो.

आणि सगळं आपल्याकडचंच म्हणताय तर एक सांगते. पुण्यात सोसायटीच्या गेटपाशी बुटका, पोट सुटलेला बॉटल पाम असतो ना, तो याचाच सख्खा भाऊ, आणि मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा. माणसांनी तिथे सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी कोवळी रोपं खाऊन बेट बोडकं केलं, रानात बॉटल पाम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. शेळ्या आणि ससे हटवले, शेवटचे ससे १९८६ मध्ये, तेव्हा कुठे नवीन रोपं जगायला लागली. म्हणजे आपल्याकडे कुंडीत मिळणारं झाड त्याच्या स्वतःच्या घरी संपत आलं होतं, आणि म्हणूनच क्युरपीपची ती छोटी बाग मी पाम्पलमूसच्या वर ठेवते.

परत गेलात तर सकाळीच जा, तिकडे उंचावर पाऊस कधीही येतो, आणि गेटवरच्या माणसाला "तो एकटा पाम कुठेय" असं थेट विचारा. त्याआधी या वेळचे तुमचे फोटो एकदा चाळा, लोखंडी सांगाड्यातलं ते उंच झाड मागे कुठेतरी आलेलं असायची शक्यता आहे.